मदत हवी आहे: खाजगी रेल्वे आणि भाडं, निवेदनासाठी माहिती आणि जुनी तिकिटं

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रवासी संघातर्फे खासदारांना निवेदन द्यायचं ठरलंय. मसुदा माझ्याकडे आलाय. विषय असा, की प्रवासी गाड्या खाजगी हातात गेल्या तर भाडं आणि सेवा यांचं काय होईल. बैठकीत सरळ दोन तट पडले. काहीजण म्हणाले, तिकीट विमानाच्या भावाला जाईल. काहीजण म्हणाले, जाऊ दे, निदान डबे स्वच्छ मिळतील आणि गाडी वेळेवर येईल. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात, म्हणून इथे विचारतेय.

आत्तापर्यंत हाताशी लागलेलं आधी सांगते. लखनौ-दिल्ली तेजस ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि अहमदाबाद-मुंबई तेजस जानेवारी २०२० मध्ये. दोन्हींना सगळे खाजगी गाडी म्हणतात, पण चालवणारी आयआरसीटीसी ही सरकारचीच कंपनी आहे. रूळ, सिग्नल, लोको पायलट, गार्ड सगळं रेल्वेचं. त्यापोटी कंपनी रेल्वेला शुल्क देते आणि तिकिटाचे दर मागणीप्रमाणे वरखाली करते. ज्येष्ठांना सवलत नाही, पाच वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट. त्याबरोबर एक चांगली गोष्टही होती. तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांपेक्षा जास्त झाला तर २५० रुपये भरपाई. आपल्याकडे उशिराबद्दल प्रवाशाच्या हातात पैसे पडतात, हे मला फार मोलाचं वाटलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बंद झाली. कंपनीने आपल्या मर्जीने दिलेली सोय तिने मर्जीने काढून घेतली, आणि प्रवाशाला दाद मागायला जागाच उरली नाही. निवेदनाचा सगळा भर मला इथेच हवाय.

कारण नुसतं ‘खाजगीकरणामुळे भाडं वाढतं’ असं लिहिलं तर पहिल्याच भेटीत आमचं तोंड बंद करतील. राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं (जागा भरत जातील तसं वाढणारं) सप्टेंबर २०१६ मध्ये लागलं, ते रेल्वेनेच लावलं. ज्येष्ठांची सवलत (पुरुषांना ४० टक्के, स्त्रियांना ५० टक्के) मार्च २०२० मध्ये थांबवली, तीही रेल्वेनेच. माझ्या सासूबाईंसारख्या पेन्शनवरच्या माणसांना या दुसऱ्या निर्णयाची झळ कुठल्याही तेजसपेक्षा जास्त बसली आहे.

जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्यांसाठी अर्ज मागवले होते. ३५ वर्षांचा करार, सुमारे ३०,००० कोटींची गुंतवणूक, आणि भाडं ठरवायला कंपनी मोकळी. वर्षभराने आर्थिक बोली आल्या त्या दोघांच्याच, त्यात एक आयआरसीटीसी! पुढे ते बारगळलं. पण भाड्याबद्दलची ती अट उद्या नव्या नावाने परत येऊ शकते, याची मला खरी काळजी आहे.

आता प्रश्न.

कायद्याची माहिती असलेल्यांसाठी: १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या कलम ३० नुसार भाडं ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. मग करारातून कंपनीला तो मोकळा सोडता येतो का? की कायदा बदलावा लागेल?

ब्रिटनमधल्या मंडळींसाठी: तिथे १९९३ च्या कायद्याने सरकारी ब्रिटिश रेलचे तुकडे होऊन ते खाजगी कंपन्यांकडे गेले. सीझन तिकिटासारख्या काही भाड्यांवर सरकारी मर्यादा राहिली, बाकीची मोकळी सुटली. प्रवासी दुपटीहून जास्त झाले हे खरं. पण रूळ सांभाळणाऱ्या रेलट्रॅक या खाजगी कंपनीच्या काळात, ऑक्टोबर २००० मध्ये, हॅटफील्डला रूळ फुटून चार माणसं गेली, आणि २००२ मध्ये रूळ नफ्यासाठी न चालणाऱ्या नेटवर्क रेलकडे आले, जी २०१४ पासून सरकारी गणली जाते. मे २०२५ पासून साउथ वेस्टर्न रेल्वे ही प्रवासी गाड्या चालवणारी कंपनीही सरकारकडे आहे. त्या मार्गाने रोज जाणारं इथे कोणी आहे का? सरकारकडे गेल्यावर भाड्यात, वेळेत, गर्दीत काय फरक पडला? आणि तिथली ‘डिले रिपे’ ही उशिराची भरपाई मिळायला किती खटपट करावी लागते? करारात लिहिलेली भरपाई खरोखर हातात पडते का, हे मला प्रवाशाकडूनच ऐकायचंय.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त गरज याची: अहमदाबाद-मुंबई तेजसची जुनी तिकिटं. सणासुदीची आणि एरवीची, दोन्ही. त्याच दिवसाचं शताब्दीचं तिकीट असेल तर फारच उत्तम, म्हणजे तक्ता करता येईल. निवेदन या महिन्याच्या शेवटी द्यायचं आहे. फोटो टाकताना नाव आणि पीएनआर झाकायला विसरू नका.