५२ सीसी ग्रास कटर पंधरा मिनिटांत दम टाकतंय, पिस्टन किट खरंच लागेल का?

कळेकर

नमस्कार मंडळी. गाव कळ्याजवळ, पन्हाळा तालुका. दोन म्हशी आहेत, त्यामुळं पावसाळाभर बांधावरचं गवत कापावंच लागतं. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक ग्रास कटर आहे, खांद्याला पट्टा लावून धरायचं. मागच्या दिवाळीनंतर ते माळ्यावर ठेवलं, टाकीत थोडं पेट्रोल तसंच राहिलं. जूनमध्ये काढलं, जुनं पेट्रोल ओतून दिलं, नवा प्लग टाकला आणि चालू झालं.

आता त्रास असा आहे. सकाळी झटक्यात चालू होतं, रेस चांगली घेतं. दहा-पंधरा मिनिटं कापलं की ताकद कमी येते, मग मध्येच रेस आपोआप वाढते आणि मशीन बंद. लगेच दोरी ओढली तर दाद देत नाही. अर्ध्या तासानं ओढली की पुन्हा पहिल्यासारखं. उताराच्या बांधावर आणखी लवकर बंद पडतं. पेट्रोलात लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो. एअर फिल्टर धुतलाय.

कोल्हापुरात एका दुकानात दाखवलं. त्यांनी दोन वेळा दोरी ओढली आणि कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरत नाही, पिस्टन-सिलिंडर किट टाकावं लागेल असं सांगितलं. अडीच हजार खर्च. ऐन गवताच्या दिवसांत मशीन अडकवून ठेवायला जीव होत नाही. किट टाकू का?

गगनबावडेकर

दादा, आधी सायलेन्सरची जाळी बघा. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची बारीक जाळी असते. ऑइल जास्त पडलं की ती काजळीनं बुजते. धूर बाहेर पडला नाही तर मशीन गरम झाल्यावर दम टाकतंच. आमच्याकडं बावड्यात पाऊस कधी उघडत नाही, मशीन रोज चालतं, त्यामुळं जाळी मी मध्येमध्ये काढून तारेच्या ब्रशनं घासतो.

उद्यमनगर मिस्त्री

कळेकर दादा, किटचे पैसे अजून देऊ नका. पिस्टन डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिस्टन खराब आहे असं कुणीही म्हणू नये, आणि या मशीनमध्ये पिस्टन बघायला फार वेळ लागत नाही.

इंजिन थंड असताना सायलेन्सरचे बोल्ट ॲलन कीनं काढा. सायलेन्सर बाजूला घेतला की सिलिंडरचं एक्झॉस्टचं भोक समोर दिसतं. प्लग काढा, दोरी अगदी हळू ओढा आणि बॅटरीच्या उजेडात भोकातून आत बघा. पिस्टनची बाजू गुळगुळीत, राखाडी किंवा थोडी तपकिरी दिसली तर पिस्टन शाबूत आहे. खालून वर उभे ओरखडे दिसले, बोटाला लागण्याइतके, तर मात्र पिस्टन सिलिंडरला घासून धरलेला आहे. पिस्टन पहिल्यांदा धरतो तो बहुतेक एक्झॉस्टच्या बाजूलाच, कारण सगळ्यात जास्त उष्णता तिथं असते. त्याच भोकातून रिंग दिसते. लाकडी काडीनं हलकं दाबा, रिंग आत दबून परत बाहेर आली म्हणजे मोकळी आहे. हे करताना गगनबावडेकर सांगतात ती जाळीही हातात येईल, तीही साफ करून घ्या.

कॉम्प्रेशनचा अंदाज घ्यायचा असेल तर प्लग परत बसवून, मशीन बंद ठेवून, दोरीच्या मुठीला धरून इंजिन उचला. दोरी सर्रकन सुटून मशीन खाली आलं तर कॉम्प्रेशन कमी. वजन धरून थांबत थांबत उतरलं तर ठीक. तुमचं मशीन सकाळी झटक्यात चालू होतं म्हणता, तेव्हा मला कॉम्प्रेशनची फारशी शंका येत नाही.

मला तुमच्या लिहिण्यातली दुसरीच गोष्ट खटकली. बंद पडायच्या आधी रेस आपोआप वाढते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की टू-स्ट्रोक असंच ओरडतं. जाळी बुजली तर मशीन जड होतं, गुरगुरतं, पण ओरडत नाही. कॉइल गरम होऊन ठिणगी तुटत असेल तर बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडतं.

म्हणून दोन गोष्टी सांगा. एक, त्या अर्ध्या तासात तुम्ही टाकीत पेट्रोल भरता का? दोन, बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल केलं तर हवा आत ओढल्याचा आवाज येतो का? आवाज आला आणि मशीन लगेच चालू झालं तर टाकीची हवेची वाट बुजली आहे. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल वर चढत नाही. लगेच प्लगही काढून बघा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. ठिणगी तपासायची असेल तर प्लगच्या भोकापासून आणि टाकीपासून लांब धरून तपासा, भोकातून येणारी वाफ पेट घेते.

तोवर मशीन रेटून चालवू नका, हे कळकळीनं सांगतो. या मशीनला ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलाबरोबर जे ऑइल जातं तेच बेअरिंगला, पिस्टनला, रिंगला मिळतं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे ऑइलही कमी पडलं. आज पिस्टन चांगला असेल आणि असंच ओरडत चालवलं, तर त्या दुकानदाराचं म्हणणं आठवड्यात खरं होईल. आणि या इंजिनाचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून बहुतेक क्रोमचा पातळ थर दिलेला असतो. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा लायनर कुणीही बोअर करून, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करून देईल, पण हा बोअर करता येत नाही, थर गेला की सिलिंडर बदलावाच लागतो.

कळेकर

मिस्त्री, लई आभार. सायलेन्सर काढला. पिस्टन गुळगुळीत आहे, एकही उभा ओरखडा नाही. रिंग मोकळी. जाळी थोडी काळी होती, घासून बसवली. दोरीला धरून उचललं तर मशीन थांबत थांबतच उतरलं.

बंद पडल्यावर झाकण सैल केलं, आवाज नाही आला, चालूही झालं नाही. प्लग एकदम कोरडा. आणि होय, चहाला बसलो की टाकी भरूनच परत जातो. म्हणजे थंड झाल्यामुळं नाही, भरल्यामुळं चालू होतंय का?

उद्यमनगर मिस्त्री

तसंच दिसतंय. टाकीत निम्मं पेट्रोल असताना उभ्या जागी, न भरता अर्धा तास थांबून बघा. चालू झालं नाही आणि भरल्यावर चालू झालं, की गाठ सापडली.

टाकीत दोन नळ्या जातात. एक पेट्रोल ओढायची, तिच्या टोकाला फिल्टर बांधलेला असतो. दुसरी परतीची, चालू करण्याआधी दाबायच्या रबरी फुग्यातून येते. जिथं नळी टाकीच्या रबरी बूचातून आत शिरते, तिथं ती दाबली जाते आणि चिरते. चीर पेट्रोलात बुडालेली असेपर्यंत काही कळत नाही. पातळी खाली गेली, किंवा उतारावर मशीन तिरकं झालं, की फिल्टर पेट्रोलात असूनही चिरेतून हवा ओढली जाते. उताराच्या बांधावर लवकर बंद पडतं हे तुम्ही पहिल्याच वेळी लिहिलं होतं, ते फार उपयोगी पडलं.

वाकवलेल्या तारेनं नळी झाकणाच्या भोकातून बाहेर ओढा आणि बूचापाशी दुमडून बघा. हाताला चिकट, मऊ किंवा उलट कडक लागली तरी बदला. टाकीत पेट्रोल सहा-सात महिने राहिलं त्याचा हा परिणाम असू शकतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जास्त ओढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. फिल्टर तळालाच असतो, म्हणजे मशीनच्या पोटात पहिल्यांदा तो थर जातो, आणि त्यात टू-टी ऑइल नीट मिसळत नाही. जुन्या नळ्या आणि रबरही त्यानं खराब होतात.

नवी नळी जुनीच्या जाडीचीच घ्या, बूचही नवा घ्या, फिल्टर बदला. जुनी नळी घेऊन दुकानात जा, जाडीत थोडा फरक पडला तरी बूचापाशी हवा घेते.

एवढ्यानं भागलं तर कार्बोरेटर उघडू नका. भागलं नाही तर डायफ्रॅमचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पातळ पडद्यांचा संच आणा. फुग्याच्या बाजूचं झाकण काढलं की पातळ डायफ्रॅम दिसेल. तो कागदासारखा कडक होऊन खुळखुळ वाजत असेल तर गेला. जेट, म्हणजे पेट्रोल सुटायचं बारीक भोक, फुंकून किंवा कार्बोरेटर क्लीनरनं साफ करा, लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर परत बसवताना इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधल्या पॅकिंगकडं नीट लक्ष द्या. त्यात एक लहान भोक असतं, क्रँककेसमधला दाब त्यातून पंपाच्या डायफ्रॅमला पोचतो. पॅकिंग उलटं बसलं तर ते भोक झाकलं जातं आणि सगळं नवं टाकूनही पेट्रोल चढत नाही. अशी मशीनं माझ्याकडं नेहमी येतात, आणि धनी आधीच नवा कार्बोरेटर घेऊन बसलेला असतो.

कळेकर

नळी काढली. बूचापाशीच आडवी चीर, दुमडल्यावर चांगली उघडते. लक्ष्मीपुरीतून नळी, बूच, फिल्टर आणला. काल टाकी पार रिकामी होईपर्यंत उतारावर कापलं, मध्ये एकदाही बंद पडलं नाही, रेसही वाढली नाही. कार्बोरेटरला हात लावला नाही.

एक विचारायचं राहिलं. ऑइल लिटरला ४० मिली ठेवू का कमी करू? आणि पात्याकडची गिअरपेटी हात लावला तर चांगलीच तापते.

उद्यमनगर मिस्त्री

मशीनच्या पुस्तकात २५ ला १ (२५ भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) असेल तर ४० मिलीच ठेवा. ५० ला १ म्हणजे २० मिली, पण ते पुस्तकात तसं लिहिलेलं असेल आणि ऑइलच्या डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं असेल तरच. गाडीचं फोर-स्ट्रोक ऑइल अजिबात घालू नका. मिश्रण बाहेरच्या डब्यात करा आणि महिन्याभरात संपेल एवढंच करा. दिवाळीनंतर ठेवताना टाकी ओतून रिकामी करा, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्येही काही उरत नाही.

गगनबावडेकर

गिअरपेटीचं मी सांगतो. पेटीच्या बाजूला एक बोल्ट असतो, तो काढून लिथियम ग्रीस भरा. साधारण २५ तास काम झालं की एकदा बघायचं. एकदम ठासून भरू नका, जादा ग्रीस सीलमधून बाहेर येतं. पातं काढून तिथं गुंडाळलेलं गवतही साफ करा, तेच सील खातं. पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. उलटा जोर लावला तर आणखी घट्ट बसतो. पेटीच्या भोकातून सळई घालून आधी आस अडकवा आणि प्लगची टोपी काढून ठेवा.