थायरॉईडची बेथेस्डा २ ची गाठ, गिळताना त्रास. आरएफए करू की ऑपरेशन?

प्रतीक्षानगर_कंडक्टर

नमस्कार. बेस्टमध्ये कंडक्टर आहे, वय ४३. गळ्यात उजव्या बाजूला थायरॉईडची गाठ आहे. मंगळसूत्र सारखं एकीकडे घसरायला लागलं तेव्हा डेपोतल्या मैत्रिणीचं लक्ष गेलं. म्हणाली, पाणी पी बघू. पाणी गिळलं की गाठ वर सरकते आणि परत खाली येते, समोरच्याला सहज दिसते.

सोनोग्राफीत ३.८ × २.९ × २.६ सेंमी, टायरॅड्स (सोनोग्राफीवरून ठरवलेली संशयाची पायरी) ३. एफएनएसी, म्हणजे सुईने पेशी काढून केलेली तपासणी, बेथेस्डा २ (साधी गाठ). रक्तातला टीएसएच २.४. म्हणजे कॅन्सर दिसत नाही, हार्मोनही ठीक. पण भाकरीचा कोरडा घास अडकतो आणि उताणं झोपलं की गळा आवळल्यासारखा होतो.

एका सर्जननी उजवा भाग काढून टाकू म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी आरएफए सुचवलं: सुई घालून करंटच्या उष्णतेने गाठ आतून जाळायची, चिरा नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच सांगितलाय.

माझी खरी काळजी आवाजाची आहे. सायन सर्कलला गाडी भरली की "पुढे चला, पुढे चला" ओरडल्याशिवाय माणसं हलत नाहीत. घसा बसला तर ड्युटीच करता येणार नाही. ओपीडीत हे विचारलं तर "काळजी करू नका" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. ज्यांनी करून घेतलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया नीट सांगा. गाठ पूर्ण जाते का? हे सगळं अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे का?

माहीम_कापडबाजार

ताई, माझं आरएफए झालंय. गाठ डावीकडे होती, तुमच्यापेक्षा थोडी लहान.

खांद्याखाली उशी देऊन मान मागे ताणतात, मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. दोन्ही मांड्यांना चिकट पॅड लावतात, करंट परत जायला. मग बधिर करायचं इंजेक्शन, ते चुरचुरतं. सुई गळ्याच्या मधोमध टोचून तिथून बाजूच्या गाठीत नेतात. मी पूर्ण जागी होते आणि स्क्रीन दिसत होती. सुईच्या टोकाशी पांढरं धुकं उठायचं, डॉक्टर टोक जरा मागे घ्यायच्या, परत पांढरं. मधेच तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज आला. कानात आणि दाढेत ऊब जायची. फार झालं की मी हात वर करायचे, त्या लगेच थांबायच्या. आणि थोड्या थोड्या वेळाने "एक ते दहा म्हणा" सांगायच्या. आवाज बदलतोय का ते तिथल्या तिथे ऐकायचं असतं.

नंतर बर्फाची पिशवी लावून बसवलं आणि संध्याकाळी टॅक्सीने घरी. गाठ लगेच जात नाही हं, सुरुवातीला तर जास्तच फुगलेली वाटली. मग हळूहळू उतरली. अजूनही हाताला लागते, पण गिळताना जाणवत नाही.

अंधारी_खोली

मी रेडिओलॉजिस्ट आहे, गळ्याच्या सोनोग्राफी रोजच्याच. आरएफए करणाऱ्या टीममध्येही काम केलंय. तुमच्या फिल्म्स पाहिलेल्या नाहीत, तेवढं धरून वाचा.

एफएनएसी एकदाच झाली असेल तर आरएफएची तारीख घेऊ नका. दोन वेगवेगळ्या वेळी सुई घालून दोन्हीदा बेथेस्डा २ आलं पाहिजे. ऑपरेशनमध्ये अख्खी गाठ पॅथॉलॉजीकडे जाते, आरएफएमध्ये काहीच जात नाही. एकदा जाळल्यावर आतल्या पेशी नेमक्या कसल्या होत्या हे कोणीही सांगू शकत नाही. बेथेस्डा ३ किंवा ४, म्हणजे साधी आहे अशी खात्री नसलेली गाठ असती तर मी आरएफएचा विषयच काढला नसता. चिरा नाही म्हटलं की तपासण्यांचीही घाई केली जाते, म्हणून एवढं जोर देऊन सांगते आहे.

आता आवाज. आवाजाची नस गाठीच्या मागून, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून वर जाते. म्हणूनच सुई मधून घालतात आणि मागचा कोपरा सोडून देतात, किंवा तिथे ५ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी भरून नस लांब ढकलतात. सलाईन चालत नाही, त्यातून करंट वाहतो. एवढं करूनही शंभरात एखादीचा आवाज बसतो, बहुतेकींचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. ऑपरेशनमध्ये ही नस तर सांभाळावी लागतेच, शिवाय थायरॉईडच्या वरच्या टोकाजवळ एक बारीक नस असते. तिला धक्का लागला तर साधं बोलणं ठीक राहतं, पण आवाज चढत नाही. तुमच्या कामाला चढा आवाजच लागतो, तेव्हा सर्जनना हे मुद्दाम सांगा. काहीही ठरवा, आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू बघून घ्या. आणि करणाऱ्या डॉक्टरांना बिनधास्त विचारा: तुम्ही स्वतः अशा किती केस केल्या आणि त्यात किती जणांचा आवाज बसला.

गाठ पूर्ण सहसा जात नाही. वर्षभरात ५० ते ८० टक्के आकुंचन अपेक्षित असतं, पण ते मिलीलिटरमध्ये, म्हणजे घनफळात मोजायचं. तुमच्या मापांनी गाठ साधारण १५ मिलीची आहे. ती निम्मी झाली तरी लांबी ३.८ वरून ३ सेंमीच्या आसपास येते. रिपोर्टवर तो आकडा वाचून पेशंट रडवेले होऊन येतात, म्हणून आधीच सांगते. कडेला राहिलेला भाग काही वर्षांनी वाढू शकतो, मग पुन्हा करावं लागतं. पण उरलेलं थायरॉईड शाबूत राहतं, थायरॉईडची गोळी क्वचितच लागते. अर्धं काढलं तर साधारण पाचातल्या एकीला ती गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, सुरू होते.

प्रयोग नाही. दक्षिण कोरियात ही पद्धत रुळली, तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने २०१२ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. अमेरिकेत यंत्राला मंजुरी २०१८ ची.

गिरगाव_तिसरा_मजला

ऑपरेशनला उगाच घाबरू नका एवढंच सांगतो. आमच्या हिची गाठ छातीच्या हाडामागे उतरली होती. सोनोग्राफीत पूर्ण दिसतच नव्हती, म्हणून आरएफएला नाही म्हणाले. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली, साधी निघाली. तो कागद हातात आल्यावर ही कित्येक महिन्यांनी शांत झोपली. आवाज व्यवस्थित आहे, आरत्या खणखणीत म्हणते.

चेंबूर_नाका

कांचनार गुग्गुळने गाठ विरघळते असं सगळे सांगतात. आधी ते करून बघावं का? माझा टीएसएच ०.०५ आलाय, गाठ २ सेंमी.

अंधारी_खोली

एवढी गाठ त्याने गेलेली मी पाहिलेली नाही. थायरॉक्सिन देऊन गाठ लहान करायची पूर्वी पद्धत होती, आता तेही करत नाहीत. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. टीएसएच इतका खाली म्हणजे गाठच जास्त हार्मोन करत असू शकते. सुई घालण्याआधी न्यूक्लियर स्कॅन करा, गाठ हार्मोन करते का ते त्यात दिसतं. गाठ तशी निघाली तर रेडिओआयोडीनचाही (किरणोत्सारी आयोडीनचा) मार्ग आहे. परळला टाटाच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ पासूनचं, थायरॉईडचं काम तिथे तेव्हापासून चालतं. छातीत धडधड होत असेल तर थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

प्रतीक्षानगर_कंडक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. माझी एफएनएसी एकदाच झाली आहे. दुसरी करायला सांगते आणि स्वरतंतूही बघून घेते. पुन्हा बेथेस्डा २ आलं तर आरएफएकडे कल आहे. ड्युटीवर कधी जाता येईल?

अंधारी_खोली

बसून करायचं काम दोन-तीन दिवसांत जमतं. ओरडायचं काम असल्याने निदान आठवडाभर जास्तीची रजा किंवा डेपोत हलकं काम मागा, डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या. विमा असेल तर पूर्वमंजुरी लेखी घ्या, एका दिवसात घरी जाण्यावरून क्लेम अडू शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि एक राहिलंच: जळलेली गाठ नंतर सोनोग्राफीत काळी, वेडीवाकडी दिसते. ज्यांना माहीत नाही ते डॉक्टर संशयास्पद लिहितात आणि पेशंट हबकतो. आरएफएचा कागद आणि आधीचे दोन्ही एफएनएसी रिपोर्ट एकाच फाइलला लावून दर वेळी सोबत न्या.