लॅपटॉपमध्ये सोडियम-आयन सेल चालतील का?

खानापूरकर: पावसाळ्यात आमच्याकडं लाईट सारखी जाते, बॅकअप पायजे. लॅपटॉपचा पॅक उघडलाय, १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम सेलचे तीन जोड आहेत. त्यांच्या जागी सोडियम-आयन घालू काय?

निपाणीकर: थांबा दादा, पॅकमधल्या चार्जिंग सांभाळणाऱ्या बोर्डावर नको! सोडियम सेल ४ व्होल्टच्या आसपास भरतो, बोर्ड ४.२ पर्यंत रेटणार. खाली तो साधारण दीडपर्यंत उतरतो, पण बोर्ड तीनच्या आसपासच तोडतो. बरीच ताकद आतच राहते. मुळात त्याच आकारात क्षमताही लिथियमच्या निम्मी.

बेळगावचा: सेल सोडवले की बऱ्याच पॅकमधली गेज चिप (चार्ज मोजणारी) लॉक होते, ते वेगळंच. बाहेर पॅक करा की. चार सेल सिरीजला, सोडियमचाच बीएमएस (सेल सांभाळणारा बोर्ड), पुढं १९ व्होल्टचा बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं सर्किट), तिथनं चार्जरच्या पिनला.

खानापूरकर: वायर केवढी?

बेळगावचा: ६५ वॅटला सहा अँपिअर धरा, जाडच घ्या. सेल उतरत गेला की करंट आणखी वाढतो.