घरातल्या घरात लिलावाचे खेळ: उघड बोलीचं काय करायचं?

जुळे_सोलापूर
शनिवारी रात्री जेवणं आवरली की आमच्याकडे बोर्ड गेम निघतो. मी, नवरा, मोठे भाऊजी, धाकटी जाऊ आणि खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा, असे पाचजण. मला लिलावाचे खेळ मनापासून आवडतात. बाकीच्या खेळांत वस्तूची किंमत आधीच छापलेली असते, इथे ती बसलेली माणसं ठरवतात. राइनर क्निझियाने रचलेला 'मॉडर्न आर्ट' (1992), म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा लिलाव, हा माझा सगळ्यात लाडका. एखाद्या चित्राला मघाशी कुणी 10 हजार द्यायला तयार नसतं. मग कोणीतरी त्याच चित्रकाराची आणखी दोन पानं टाकतं आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. असा थरार मला दुसरीकडे मिळत नाही.

पण आमचं एका जागी अडतं. उघड बोली आली की जाऊ गप्प होते. भाऊजी 20 म्हणाले की ती 22 म्हणतच नाही. हिशोबात ती आम्हा सगळ्यांना भारी आहे, गारमेंट युनिटचे सगळे हिशोब तीच बघते. मुठीत पैसे लपवून बोली लावायचं पान आलं की तिचा आकडा नेमका बसतो. पण थोरल्या दिरांवर बोली चढवायला तिची जीभ रेटत नाही. तो मुलगा अगदी उलट, बोली सोडतच नाही. 30 हजारांचं चित्र 28 ला घेतो आणि खूश होतो. मग ज्याची पानं त्याने घेतली तोच जिंकतो आणि उरलेले कंटाळतात. नवरा म्हणतो, हे खेळ आता कपाटात टाक. मला टाकायचे नाहीत. काय बदलू?

गाळ्यावरचा
ताई, कांद्याच्या लिलावात वाढलोय, म्हणून लिहितो.

आधी त्या पोराला कागदावर मांडून दाखवा. 'मॉडर्न आर्ट'मध्ये घेणारा पैसे विकणाऱ्याला देतो. 30 चं चित्र 28 ला घेतलं की पोराला सुटले 2 आणि विकणाऱ्याला मिळाले 28. नफा झाला तरी त्या एका माणसाच्या तो 26 ने मागे गेला. तेच 15 ला घेतलं तर दोघं सारखे पुढे जातात आणि उरलेले तिघं मागे राहतात. बाजारात असं नसतं बघा. खरेदीदार वक्कलापुढे, म्हणजे मालाच्या ढिगापुढे, उभा राहतो तेव्हा माल पुढे कितीला जाईल, गाडीभाडं किती, खराब किती निघेल, हे सगळं डोक्यात घेऊनच बोलतो. शेतकऱ्याला चार पैसे जास्त गेले म्हणून खरेदीदार हरला असं कोणी म्हणत नाही. पटावर मात्र विकणाराच तुमच्या विरोधात खेळतोय. नवा माणूस नेमका इथे फसतो, कारण त्याला वाटतं किमतीच्या खाली मिळालं म्हणजे स्वस्त मिळालं.

आणि 30 तरी कुठे पक्के? त्या मोसमात, म्हणजे खेळाच्या त्या फेरीत, चित्रकार पहिल्या तिघांत आला नाही तर आधीच्या मोसमात कितीही भाव लागलेला असो, चित्राचे पैसे शून्य.

जाऊबाईंचं म्हणाल, तर आमच्याकडे पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. ती पद्धत गेली ते बरंच झालं, कोणी किती भाव दिला ते शेतकऱ्याला कळत नव्हतं. बाजारात उघड बोलीच पाहिजे, त्यावर मी वाद ऐकून घेणार नाही. पण घरात मोठ्यांचा मान आड येत असेल तर झाकलेली बोलीच न्यायाची.

'रा' (1999, तोही क्निझियाचाच) बघा. पाचजणांत प्रत्येकाला आकडे घातलेल्या 3 सूर्यसोंगट्या मिळतात. दर लिलावात प्रत्येकाला एकदाच संधी, सोंगटी पुढे सरकवायची नाहीतर सोडून द्यायचं. जिंकणाऱ्याची सोंगटी मधे जाते आणि मधली त्याला मिळते, पुढच्या युगात, म्हणजे खेळाच्या पुढच्या फेरीत, वापरायला. तीन वेळा घेतलं की त्या युगापुरतं बाहेर. तुमच्या पोराला आपोआप लगाम बसतो.

अक्कलकोट_रोड
'रा' चांगलाच आहे, पण कशाचे किती गुण हे अंगात मुरायला वेळ लागतो. मी 'फॉर सेल'पासून (1997, स्टेफान डोरा) सुरुवात करेन. 1 ते 30 आकड्यांची घरं, पुठ्ठ्याच्या खोक्यापासून अंतराळस्थानकापर्यंत. बोली सोडली तर समोरचं सगळ्यात कमी आकड्याचं घर मिळतं आणि लावलेल्यातली साधारण निम्मी रक्कम परत येते. म्हणजे माघार घ्यायलाही किंमत आहे, ती कधी घ्यायची हाच डाव. पुढच्या भागात सगळे एकेक घर झाकून ठेवतात आणि एकदम उलटतात, तिथे तुमच्या जाऊबाई कोणाला ऐकणार नाहीत. वीसेक मिनिटांत संपतो, म्हणून हरलेला लगेच दुसरा डाव मागतो.

मुलासाठी 'हाय सोसायटी' (1995). त्यात शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे उरले तो बाद, मग त्याने किती का वैभव जमवलेलं असेना.

पण उघड बोली अजिबात काढून टाकू नका. समोरच्याचा आवाज ऐकून त्याला वस्तू किती हवी आहे हे ओळखणं, हा या खेळांचा जीव आहे. भाऊजींनी स्वतःच एकदा सांगावं, माझ्यावर बिनधास्त बोली चढव म्हणून.

पार्क_चौक
अमेरिकेतल्या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी 1971 साली तेलाच्या लिलावांबद्दल एक निबंध लिहिला होता. त्याचं सार असं: जमिनीखाली किती तेल आहे याचा सगळे अंदाजच करतात, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला त्यालाच ती जमीन मिळते. म्हणून बोली लावणारे जितके जास्त, तितकं आपल्या अंदाजाच्या खाली थांबायचं. पाचजणांच्या 'मॉडर्न आर्ट'मध्ये हे लक्षात ठेवायला हवंच.

या खेळांचा मला खुपणारा दोष वेगळा आहे. शेवटच्या मोसमात ज्याला जिंकण्याची आशा उरलेली नसते, त्याच्या एका वेड्या बोलीने दुसराच कोणीतरी जिंकतो. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार. 28 चा हिशोब मुलाला दाखवला. त्याने लगेच वहीत 10, 15, 20, 25 असे सगळे आकडे मांडले आणि नवऱ्याशी तासभर वाद घातला. कपाटाचा विषय मागे पडला.

भाऊजींनी सांगावं, हे मात्र जाऊला पटलं नाही. ती म्हणाली, "ते खेळ थांबवून मला बोल म्हणाले तर मी आणखीच अवघडेन." मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं. म्हणून उघड बोलीची पानं पटावर ठेवतोय, पण बोली मुठीत. आवाजातली मजा थोडी जाईल हे मान्य. ती खेळायला हवी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'फॉर सेल' मागवतेय. 'रा' विकत घेण्याआधी एकदा खेळून बघायचाय, सोलापुरात कोणाकडे आहे का?

गाळ्यावरचा
माझ्याकडे आहे. रविवारी दुपारनंतर मोकळा असतो. भाऊजींनाही आणा, त्यांच्याशी मला उघड बोलीचा एक डाव खेळायचाय.