आधी खरेदी मागा, प्रमाणपत्र नंतर

भाऊ, विषमुक्त मालाला मोफत प्रमाणपत्र मिळावं, ही तुमची मागणी रास्त आहे. पण आपल्याकडे खरी अडचण खरेदीची आहे. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन 2018 साली विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालं, शेतकऱ्यांचे गट उभे राहिले. गावातल्या गावात तो माल घेणारं कोण?

तुरीचंच बघा. शेतातली तूर व्यापाऱ्यामार्फत शहरातल्या दाळ मिलला जाते आणि तिचीच दाळ पाकिटात भरून गावच्या किराणा दुकानात येते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी दाळ मिल, म्हणजे दाळ करायचं छोटं यंत्र, कधीचंच दिलं आहे. तूर घासायची, तेलाचा हात लावून उन्हात वाळवायची, मग भरडायची. बचत गटाच्या बाया हे काम सहज सांभाळतात. चुनी-टरफल घरच्या गुरांना. यंत्राला केंद्राने 2020 साली आणलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदानही ठेवलं.

म्हणून मागणी नेमकी करा: शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी आणि आश्रमशाळा यांच्या दाळीचा ठरावीक वाटा तालुक्यातल्या गटांकडूनच घ्यावा. पोषण आहार योजनेला 2021 मध्ये मंजुरी देताना केंद्राने शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपन्या आणि महिला बचत गटांना सामील करण्यावर भर दिला होता. त्याचाच आधार घ्या. मात्र टेंडरमधली मोठ्या उलाढालीची अट काढायला लावा, नाहीतर गट दारातच अडतो. आणि पैसे पंधरा दिवसांत मिळावेत, हेही त्यातच लिहा. बायांकडे सहा महिने थांबायला भांडवल नसतं.