सिझेरियननंतरची मालिश : पोट नको, पाठ-पाय चालेल

मालिशवाली बाई "गर्भाशय जागेवर बसवायला" बाराव्या दिवसापासून पोट चोळायचं म्हणते, आणि सिझेरियन झालंय. तर पोटाला हात लावू देऊ नका.

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशय साधारण बेंबीच्या पातळीला असतं. रोज सुमारे एक बोट खाली उतरतं, दोन आठवड्यांत ओटीपोटात जातं आणि सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्वीएवढं होतं. हे आपसूक होतं, चोळून लवकर होत नाही. दवाखान्यात नर्स प्रसूतीनंतर पोट दाबते ते रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी, ती वेगळी गोष्ट.

पाठ, खांदे, तळवे मात्र चालतील. डॉक्टरांना विचारून, कुशीवर झोपवून, दोन-तीन मोठे चमचे कोमट तीळतेल, वीस मिनिटं पुरे. टाक्यांजवळ तेल नको. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी जखम भरल्याचं सांगितलं, की व्रणावर दोन बोटांनी हलके गोल फिरवावे, रोज पाच मिनिटं. त्याने व्रणाचा ताठरपणा कमी व्हायला मदत होते.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम किंवा दुखरी वाटली, तर ती अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळताना सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्तनात गाठ आली तरी जोरात रगडणं नको, सूज वाढते.

आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना शेक द्यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी? बाळंतीण आणि बाळ दोघांनाही उष्णतेचा धोका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा तर वेगळाच.