१८ मीटरच्या रस्त्यात फूटपाथ आणि सायकल ट्रॅक दोन्ही बसतात का? (जुळे सोलापूर)

कॉलनीकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातल्या एका अंतर्गत रस्त्याचा प्रस्ताव महापालिकेला द्यायचाय. विकास आराखड्यात रुंदी १८ मीटर, लांबी १.१ किलोमीटर. मधे ७ मीटर डांबर, दोन्ही कडांना माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला भाजीच्या हातगाड्या. मधल्या भागात जवळपास प्रत्येक गेटपुढं मालकानं आपापला सिमेंटचा उतार केलाय.

एवढ्या रुंदीत फूटपाथ आणि सायकल ट्रॅक दोन्ही बसतील का? सोबत कुठली मोजणी न्यावी म्हणजे "बघू" म्हणून फाईल बाजूला पडणार नाही? आणि पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत खचतात, त्यावर उपाय काय?

टेपमास्तर

आधी मोजणीचं सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे.

कागदावरचे १८ मीटर जमिनीवर आहेत का ते बघा. नगररचना विभागातून त्या भागाचा भाग नकाशा काढून घ्या. मग दर ५० मीटरला भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावा. १.१ किलोमीटरला २३ छेद (त्या जागचा रस्त्याचा आडवा काप) होतात; जिथं रुंदी अचानक बदलते तिथं एक जादा. प्रत्येक छेदावर डांबराची कड, गटार, खांब, झाडाचं खोड, चेंबर आणि विजेची डीपी दाखवा. (डीपी म्हणजे इथं पेटी. आराखड्यालाही डीपीच म्हणतात, त्यामुळं बैठकीत निम्मे लोक पेटीवर बोलत असतात आणि निम्मे आराखड्यावर.) कुठं १५ मीटरच भरले तर तो तुकडा लपवू नका, तिथला छेद वेगळा काढा. चालणारा माणूस सर्वांत अरुंद जागी रस्त्यावर उतरतो, बाकीची रुंदी मग वाया जाते.

वाहनमोजणी १५-१५ मिनिटांच्या खान्यांत करा: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, चारचाकी. एक कामाचा दिवस आणि एक बाजाराचा. फक्त ९ ते ११ मोजलं तर सायकली दिसतच नाहीत. आपल्याकडं सायकल बहुतेक कामगाराची, ती पहाटे निघते आणि शिफ्ट सुटल्यावर परतते. शहराच्या पूर्व भागात अशी मोजणी करणाऱ्यांनी विड्या जमा करायला पायी जाणाऱ्या बायकांची वेळही धरावी.

शाळेपुढच्या क्रॉसिंगसाठी एक आकडा अभियंत्यापुढं चालतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मधलं सूत्र: गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं की नियंत्रित क्रॉसिंगची मागणी रास्त ठरते. तासाला १५० माणसं आणि ९०० वाहनं धरली तर १२ कोटी १५ लाख येतात. वाहनांचा वर्ग होतो, म्हणून तिथं ढोबळ आकडा टाकू नका.

पायडल

बसतात. आयआरसीप्रमाणे रहिवासी भागात फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं. मोकळी म्हणजे खांब, झाड, पायऱ्या सोडून. सायकल ट्रॅक एकेरी असेल तर २ मीटर.

एका बाजूचा हिशेब: भिंतीलगत ०.५, चालायला १.८, सायकलला २, मग खांब-झाडांचा पट्टा १.२. झाले ५.५ मीटर. दोन्ही बाजूंचे ११, मधे गाड्यांना ७. क्रमही हाच ठेवा. सायकल ट्रॅक थेट डांबराला चिकटवून नुसता पांढरा पट्टा मारला तर आठवड्यात तिथं गाड्या लागतात.

एका बाजूला ३ मीटरचा दुहेरी ट्रॅक काढायचा मोह होतो, जागा वाचते. पण प्रत्येक गेटमधून बाहेर पडणारा एकाच दिशेला बघतो, उलट दिशेनं आलेली सायकल त्याला दिसत नाही. एवढी गेटं असलेल्या रस्त्यावर नकोच.

सावलीचाही विचार करा. सोलापुरात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा इमारतीची सावली पडत नाही, झाडाचीच पडते. कडुनिंब किंवा करंज, ७-८ मीटरवर एक, बुंध्याशी निदान १ मीटर उघडी माती. रस्ता दक्षिणोत्तर असेल आणि पैसे एकाच बाजूला पुरणार असतील तर पश्चिमेची बाजू आधी करा, दुपारनंतर तिथं घरांची सावली असते.

सातरस्ता

वरचा छेद कागदावर छान आहे, पण त्यात पार्किंगला जागाच नाही. शाळा सुटताना रिक्षा आणि व्हॅन उभ्या राहणार, त्या सायकल ट्रॅकवर चढणार. त्यापेक्षा गाड्यांचे ७ मीटर ६.२ वर आणा आणि वाचलेले ०.८ एका बाजूच्या पट्ट्यात टाका. तो १.२ चा २ मीटर होतो. त्यात दोन झाडांच्या मधे आळीपाळीनं दुचाकींचे कप्पे, भाजीच्या टोकाला हातगाड्या, शाळेपुढं रिक्षा थांबा. अंतर्गत रस्त्याला ६.२ पुरतात, आणि रस्ता अरुंद झाला की वेग आपोआप उतरतो.

हातगाड्यांची जागा परस्पर ठरवू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं ते काम नगर पथविक्रेता समितीमार्फत व्हावं लागतं. विक्रेत्यांना न विचारता आखलेली रेघ दुसऱ्याच दिवशी पुसली जाते.

आणि हाच छेद कुणी गावठाणात नेऊ नये. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत नंदीध्वज (उंच उभ्या काठ्या) जातात त्या मार्गावर आडवे फलक, खाली लोंबणाऱ्या केबल, पक्के बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) काहीच चालत नाही. तिथं बोलार्ड काढता येतील असे, जमिनीत खोबण ठेवून बसवावे लागतात.

काळीमाती

पेव्हर खचतात त्याचा दोष ब्लॉकवर जातो, पण गडबड खाली असते. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते. ती ३०० ते ४५० मिमी खोदून काढा, मुरूम १५०-१५० मिमीच्या थरांत पाणी मारून दाबा. त्यावर १५० मिमी खडी-मुरमाचा थर, १०० मिमी कोबा, मग वाळू किंवा बारीक कच २५ ते ४० मिमी आणि शेवटी ब्लॉक. पायी चालायला ६० मिमीचा पुरतो, गेटपुढं जिथून गाडी जाते तिथं ८० मिमीचा.

ठेकेदार हमखास करतो ते असं: खालचा थर वाकडातिकडा राहतो आणि लेव्हल वाळूत काढली जाते. कुठं ३० मिमी, कुठं १०० मिमी. जाड वाळू वर्षभरात बसते, ब्लॉक डुगडुगतो, पावसात पाय ठेवला की पँटवर पिचकारी. ब्लॉक बसवण्याच्या दिवशी लोखंडी पट्टी घेऊन चार ठिकाणी वाळूची जाडी मोजा. कर्बच्या (कडेच्या दगडाच्या) मागं काँक्रीटचा टेकू हवाच, तो नसला तर अख्खी ओळ बाहेर सरकते. चेंबरभोवती तुकडे कोंबण्यापेक्षा काँक्रीटची चौकट करा.

सायकल ट्रॅकला पेव्हर नको. खडखडाटाला कंटाळून सायकलवाला डांबरावरच जातो. एम-३० काँक्रीट १०० मिमी, गेटपुढं १५०, झाडू फिरवून खरखरीत केलेलं, दर ३ मीटरला सांधा कापलेला. आणि हे ओतण्याआधी प्रत्येक प्लॉटसमोर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आडवा टाकून ठेवा. नाहीतर नळाच्या पहिल्याच जोडणीला ट्रॅक फुटेल.

कॉलनीकर

एवढं तपशीलवार कुणी सांगितलं नव्हतं, आभार. आता अडलंय ते गेटांशी. प्रत्येक गेटला फूटपाथ खाली उतरवायचा का? आणि दुचाक्या वर चढणार, त्यांना बोलार्डनं अडवता येईल ना?

पायडल

फूटपाथ उतरवायचा नाही, गाडीनं चढायचं. उतार सगळा १.२ मीटरच्या पट्ट्यात संपवा. प्रत्येक गेटला फूटपाथ खाली-वर केला तर म्हातारी माणसं रस्त्यानं चालणं पसंत करतात आणि व्हीलचेअर तर निघतच नाही.

बोलार्डबद्दल भ्रम नको. व्हीलचेअरला ०.९ मीटर मोकळी जागा लागते आणि दुचाकीचं हँडल त्यातून आरामात जातं. १.२ मीटर अंतर ठेवलं की रिक्षा आणि कार अडतात, बास. दुचाकीला दोनच गोष्टी रोखतात: चौकात वाहन थांबून न राहणं आणि वाहतूक शाखेचा दंड. नो-पार्किंगची अधिसूचना पोलिस आयुक्तालयाकडून निघते, तिचा अर्ज प्रस्तावासोबतच द्या.

काळीमाती

गेटांबाबत एक हिशेब करून ठेवा, कारण भांडणं यावरूनच होतात. सायकल ट्रॅकची कड डांबरापेक्षा १०० मिमी वर. ट्रॅकला १:५० उतार म्हणजे २ मीटरला ४०. मग फूटपाथची ५० ची पायरी, तिला गेटपुढं तिरकी कड. फूटपाथ २.३ मीटर, त्याचे ४६. बेरीज २३६ मिमी. म्हणजे भिंतीपाशी फूटपाथ डांबरापेक्षा जवळजवळ पाऊण फूट वर. ज्याचा उंबरा याच्या खाली आहे त्याच्या अंगणात पहिल्याच पावसात पाणी शिरणार आणि तो स्वतः पहार घेऊन फूटपाथ फोडणार.

म्हणून टेपबरोबर लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घ्या आणि प्रत्येक गेटचा उंबरा डांबरापासून किती वर-खाली आहे ते लिहून काढा. खाली असलेल्यांसाठी डांबरावर डांबर न चढवता जुना थर खरवडून रस्ताच खाली घेण्याची अट टाका. तरी न जमल्यास ५० ची पायरी काढून ट्रॅक आणि फूटपाथ एका लेव्हलला, फक्त पोत वेगळा. अगदीच खोल प्लॉट असेल तर गेटपुढं जाळीची आडवी चारी. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या, नाहीतर चाक अडकतं.

शाळेपुढचं उंच क्रॉसिंग करतानाही पाणी विसरू नका. ते फूटपाथच्या उंचीला आणलं की रस्त्याच्या कडेचं वाहतं पाणी अडतं. दोन्ही कडांना झाकलेली चारी ठेवा.

टेपमास्तर

सगळा १.१ किलोमीटर एकदम मागू नका. शाळेपासूनचे २०० मीटर घ्या. वाहतूक शाखेची परवानगी काढून फक्कीनं पूर्ण छेद रस्त्यावर आखा, गाड्यांच्या कडेला कोन लावा, वळणाची त्रिज्या लहान करून कोपऱ्यांवर वाळूची पोती ठेवा आणि आठवडाभर चालू द्या. व्हॅन कुठं वळताना अडते, हातगाडी कुठं सरकते, ते तीन दिवसांत कळतं, आणि फक्की पुसायला खर्च नाही. पहिली मोजणी ज्या वेळांना केली त्याच वेळांना पुन्हा मोजा. परीक्षेचा किंवा सुट्टीचा आठवडा मात्र टाळा, आकडे जुळणार नाहीत.